थापाड्या असल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. अभिलेख व गौरव अधिकारी,
गौरव दालन कक्ष, दुसरा मजला,
(जिना चढून उजव्या हाताची खोली, जिथे पंखा आहे पण फिरत नाही)
नगरपालिका कार्यालय.

विषय : अर्जदार हा थापाड्या असल्याबाबत सक्षम अधिकाऱ्याचा दाखला मिळणेबाबत, व त्या आधारे गौरवफलकावरील एक वाक्य वगळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र क्र. गौ.दा./३१२.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, एकूण चार.
३) अर्जदाराची वर्तमानपत्रात छापून आलेली मुलाखत, जी खोटी आहे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदार हा नगरपालिकेचा निवृत्त कर्मचारी असून वय वर्षे अठ्ठ्याहत्तर आहे. आपल्या कार्यालयामार्फत शहरातील तीन कर्तृत्ववान महिलांचे दगडी गौरवफलक तयार होत आहेत : राजकारणात पहिल्या महिला नगराध्यक्ष, कलेत एक चित्रकार, आणि विज्ञानात अर्जदाराची पत्नी. पत्नी ही नगरपालिकेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षे होती. खालच्या वस्तीतील मुले वर्षानुवर्षे फिकट पडत, पोट धरून बसत, शाळेत मागे राहत. ते नळाच्या जुन्या नळ्यांतून उतरणाऱ्या शिशामुळे, हे तिने सिद्ध केले. नळ्या बदलल्या त्या तिच्या अहवालामुळे. खांद्यावर बाटल्यांची पिशवी घेऊन घरोघर फिरल्याने लोक तिला 'बाटलीबाई' म्हणतात. या नावाने परगावच्या पाहुण्यांचा वेगळाच समज होतो, परंतु तो या अर्जाचा विषय नाही.

२. अर्जाचा विषय पुढीलप्रमाणे आहे. फलकाच्या मंजूर मजकुरात असे वाक्य आहे : "पतीने हाती दिलेल्या चहाच्या एका घोटातून प्रेरणा घेऊन त्यांनी पाण्यातील शिसे शोधून काढले." सदर वाक्य धादांत खोटे असून ते अर्जदाराने स्वतः रचलेले आहे. मागील महिन्यात वर्तमानपत्राची बातमीदार मुलगी घरी आली. पत्नी दवाखान्यात डोळे तपासायला गेली होती. मुलीने वही उघडली आणि विचारले, "काका, तुमचा सहभाग काय?" आता दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवण्याची अर्जदाराच्या जिभेला सवय नाही. त्याने सांगून टाकले की एका सकाळी त्याने चहा केला, साखर घालायला विसरला, तरी तो गोड लागला, म्हणून तो बायकोला म्हणाला, "अगं, नळाला साखर आली की काय?" आणि ती कप टाकून प्रयोगशाळेकडे धावत सुटली. मुलीने सगळे लिहून घेतले. शेवटी अर्जदाराने कप फुटल्याचेही सांगितले. तेही छापून आले.

३. अर्जदाराने आयुष्यात चहा केलेला नाही. गॅस कोणत्या बाजूला फिरवतात हे त्यास आजही विचारावे लागते. पत्नीने मुलाखत वाचून एवढेच म्हटले, "चहा गोड लागण्याइतकं शिसं पाण्यात असतं, तर तुम्ही ही गोष्ट सांगायला उरला नसता." तोवर विषय हसण्यावारी होता. परंतु आपल्या कार्यालयाकडून फलकाचा मसुदा आला आणि त्यात तेच वाक्य निघाले. तिने तो मसुदा दोनदा वाचला, घडी घातली, चार साड्या आणि भिंग घेतले आणि ती अर्जदाराच्या बहिणीकडे राहायला गेली. बहीण त्याच रस्त्यावर, अकरा घरे सोडून राहते. जाताना ती म्हणाली, "तो दगड तसाच बसला, तर मी काही परत येणार नाही. अहो, तीन हिवाळे मी पायपीट केली, आणि दगडावर तुमचा कप?" आज तेरा दिवस झाले. ती रागावली तर नंतर बोलते. यावेळी ती रागावलेली दिसत नाही, हीच अर्जदाराची मुख्य अडचण आहे.

४. अर्जदाराने वाक्य वगळण्यासाठी पहिला अर्ज दिला. आपल्या कार्यालयाने कळवले की विहित नमुन्यातील रकाना क्र. ७, 'प्रेरणास्थान (पती / पिता / बंधू, लागू नसेल ते खोडावे)', रिकामा ठेवता येत नाही. अर्जदाराने नम्रपणे विचारले की बाकीच्या दोन बायकांचे काय केले. कारकुनांनी फाईल दाखवली. चित्रकार बाईंना ना पती, ना पिता, ना भाऊ. लहानपणीच सगळे गेले. म्हणून त्यांच्या रकान्यात 'शेजारील सद्गृहस्थ' असे लिहिले आहे. हे गृहस्थ बाईंच्या रंगांच्या वासाबद्दल दर महिन्याला नगरपालिकेकडे तक्रार करीत. नगराध्यक्ष बाईंच्या रकान्यात त्यांचे वडील आहेत. उमेदवारी भरायच्या दिवशी वडिलांनी मुलीला खोलीत कोंडले होते आणि ती मागच्या खिडकीतून उडी मारून, एक चप्पल खोलीतच ठेवून, कचेरीत पोहोचली, हे अख्ख्या शहराला ठाऊक आहे. अर्जदाराने तसे म्हणताच कारकून म्हणाले, "कोंडलं नसतं तर जिद्द आली असती का? आडकाठी हीसुद्धा प्रेरणाच. साहेबांचा तसा शेरा आहे." अर्जदाराने तो शेरा स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. खाली आपली सही आहे.

५. दुसऱ्या अर्जावर असे उत्तर आले की मुलाखत ही 'माहितीदाराचे स्वेच्छेने दिलेले निवेदन' असल्याने, माहितीदार अविश्वसनीय असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडल्यास विचार करता येईल. अर्जदारास आनंद झाला. आयुष्यभर लोक त्याला तोंडावर थापाड्या म्हणत आले, तेव्हा दाखला मिळायला कितीसा वेळ लागणार, असे त्यास वाटले.

६. अर्जदार प्रथम पोलीस ठाण्यात गेला. ठाण्याचे अंमलदार म्हणाले, "आजोबा, कुणाला फसवलंत का?" फसवले नाही, नुसत्या गोष्टी सांगितल्या, असे अर्जदाराने सांगितले. "मग खोटेपणाचा दाखला कसा देऊ? आमच्याकडे चांगल्या वर्तणुकीचाच छापील नमुना आहे." त्यांनी तो भरून, शिक्का मारून, अर्जदाराच्या पाठीवर हात ठेवून दिला. हा दाखला अर्जदाराच्या विरुद्ध जाणारा असल्याने तो नाइलाजाने सोबत जोडला आहे. त्यानंतर अर्जदार शपथपत्र करण्यास गेला. वकील बाईंनी मजकूर वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही शपथेवर सांगणार की तुमचा भरवसा धरू नये? मग शपथेचा भरवसा कसा धरायचा? काका, माझी सनद जाईल." असे म्हणून त्यांनी कागद परत केला.

७. उरले शेजारीपाजारी. अर्जदाराची सर्वात प्रसिद्ध थाप अशी की सर्कशीतून सुटलेल्या वाघाला त्याने छत्री दाखवून चौकातून परत पाठवले. ही थाप असल्याचे लिहून द्या, अशी विनंती त्याने चौकातल्या न्हाव्याला केली. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. "काका, काहीतरीच काय! तुमच्या हातात छत्री होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली." वाघ पाहिला का, असे विचारल्यावर तो म्हणाला, "तुम्ही परत पाठवलात ना? मग मला कसा दिसणार?" खुर्चीत अर्धी दाढी झालेले गिऱ्हाईक होते, त्यानेही मान डोलावली. पोस्टातल्या बाईंनी तर उलट लिहून दिले की अर्जदाराच्या गोष्टी ऐकून त्यांची सासूबाईंशी बोलाचाल पुन्हा सुरू झाली, सबब अर्जदार सत्यवादी आहे. चाळीस वर्षे मेहनत करून मिळवलेली बदनामी एका दुपारात कशी नाहीशी होते, हे अर्जदाराने अनुभवले.

८. तिसऱ्या अर्जाची नुसती पोच मिळाली. चौथ्या अर्जावर आपले संदर्भीय पत्र क्र. ३१२ प्राप्त झाले. त्यातील निर्णय असा : अर्जदार थापाड्या असल्यास त्याचा प्रस्तुत अर्जही थाप समजण्यात येईल, व नसल्यास दाखल्याचा प्रश्न उद्भवत नाही. मजकूर येत्या गुरुवारी पाथरवटाकडे जाईल. हे पत्र अर्जदाराने बहिणीच्या पायरीवर बसून वाचले. आतून पत्नीचा आवाज येत होता, ती बहिणीला भिंगातून सुईत दोरा ओवून दाखवत होती. अर्जदार आत गेला नाही.

९. सबब अर्जदाराने यापूर्वी कोणासही न सांगितलेली गोष्ट खाली नमूद केली आहे. ती रंगवून सांगण्याची अर्जदारास ताकद नाही.

अर्जदार नगरपालिकेत नमुने घेणारा कर्मचारी होता. खालच्या वस्तीतील नळांचे पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत पोहोचवणे आणि रजिस्टरात पाण्याचा रंग, वास व शेरा लिहून सही करणे, हे त्याचे काम. तो हे काम रोज सकाळी अकरा वाजता करी. त्याच्या नियमितपणाबद्दल त्यास प्रशस्तिपत्रही मिळाले आहे. अकरापर्यंत वस्तीने अंघोळी, धुणी, भांडी सगळे उरकलेले असे. रात्रभर नळीत थांबून शिसे प्यायलेले पाणी केव्हाच पोटात नाहीतर गटारात गेलेले असे. अर्जदाराच्या बाटलीत यायचे ते ताजे, वाहते पाणी. प्रयोगशाळेत तीच बाटली पत्नीच्या टेबलावर जायची आणि स्वच्छ निघायची.

पत्नीने वस्तीतल्या एका मुलीच्या हिरडीवर निळी रेघ पाहिली, जी शिसे अंगात भिनल्याची खूण असते. बाटली स्वच्छ आणि मूल आजारी, हे काही तिच्या मनाला पटेना. तिने अर्जदारास विनवले, "एकदा उजाडायच्या आत जाऊन बघा ना. पहिलं पाणी भरा." अर्जदार पांघरुणातून म्हणाला, "पाणी काय घड्याळ बघून येतं?" या विनोदावर तो स्वतःच हसला, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात सर्वांना सांगून पुन्हा हसला. तिने परत विचारले नाही. बाटल्या घेऊन स्वतः निघाली. चारशे बारा घरे, तीन हिवाळे, तोटी उघडताच येणारे पहिले पाणी. लोक दार उघडताना पुटपुटत, काही उघडतच नसत. ती परत यायची तेव्हा अर्जदार उठून वर्तमानपत्र वाचत बसलेला असे, आणि चहा तीच करी.

तिच्या अहवालात कारणाखाली एकच ओळ आहे : "नमुने घेण्याची वेळ सदोष होती." नमुने कोण घेत होते, ते लिहिलेले नाही. चौकशी समितीने विचारले तेव्हा ती म्हणाली, "वेळ चुकली. माणूस कुणीही असता तरी हेच झालं असतं." हे वाक्य मात्र खरे नाही. तिने केलेले चुकीचे विधान अर्जदारास एवढे एकच माहीत आहे. वस्तीतली बरीचशी मुले नळ्या बदलल्यावर सावरली. काही सावरली नाहीत. त्यांच्यातला एक जण आता पन्नाशीला आला असून चौकात फुगे विकतो आणि मोड मोजताना अडखळतो. अर्जदार त्याच्याकडून फुगे घेतो. घरात लहान मूल कोणी नाही.

समितीपुढच्या त्या दिवसापासून अर्जदार गोष्टी सांगतो. वाघ, छत्री, चहा, लोकांनी विचारायच्या आत काहीही. कोणी पाण्याचा विषय काढला की त्याच्याकडे नेहमी दुसरी एखादी गोष्ट तयार असते.

१०. वरील कथनास पुरावा नाही असे आपण म्हणू नये. पुरावा आपल्याच तळघरातील अभिलेख कक्षात आहे. पाणी नमुना रजिस्टर, खंड चार ते नऊ, काढून पाहावेत. नऊ वर्षे चार महिन्यांच्या प्रत्येक कामाच्या दिवशी शेऱ्याच्या रकान्यात "पाणी उत्तम" असे लिहिलेले आढळेल. खाली अर्जदाराची सही आहे, वर खातेप्रमुखाची. इतक्या सातत्याने, कार्यालयीन वेळेत आणि सरकारी शाईने खोटे लिहिलेला दुसरा माणूस या शहरात सापडणार नाही. सक्षम अधिकाऱ्याने प्रतिस्वाक्षरी केलेला हाच दाखला समजावा. वेगळा नको.

तरी विनंती की चहाचे वाक्य वगळावे. रकाना क्र. ७ रिकामा ठेवता येत नसेल, तर नगराध्यक्ष बाईंच्या प्रकरणातील आपल्या शेऱ्याचा लाभ अर्जदारासही द्यावा, व पुढील मजकूर कोरावा : "पाणी उत्तम असल्याचे त्यांच्या पतीने नऊ वर्षे चार महिने लिहून दिले होते. त्या पहाटे उठून बघायला गेल्या." अक्षरे वाढत असल्यास अर्जदाराचे पतीपण गाळावे, नुसते 'नमुने घेणाऱ्याने' लिहावे. पण पहाटे गाळू नये.

११. या अर्जाचा मसुदा अर्जदाराने बहिणीच्या हाती पत्नीकडे पाठवला होता. दोन दिवस ठेवून घेऊन तिने तो परत केला. चहाबद्दल, पांघरुणाबद्दल, फुग्यांबद्दल तिने काही लिहिले नाही. अर्जदाराने दोन ठिकाणी 'नऊ वर्षे' लिहिले होते, तिथे तिने पेन्सिलीने 'चार महिने' वाढवले आहेत. ती दुरुस्ती वर घेतली आहे. घरी येण्याबाबत विचारले असता बहिणीने सांगितले, "तसं काही म्हणाली नाही वहिनी. एवढंच म्हणाली, की साहेबांना द्यायचा कागद आहे, अक्षर तरी नीट काढा म्हणावं."

म्हणून हा अर्ज दुसऱ्यांदा, सुवाच्य अक्षरात लिहिला आहे.

आपला नम्र, व या कागदापुरता खरा,

(सही)
अर्जदार
नमुने घेणारा (निवृत्त), पाणीपुरवठा खाते

दिनांक : १९, मंगळवार

सोबत :
१) चांगल्या वर्तणुकीचा दाखला (विचारात घेऊ नये).
२) पोस्टातल्या बाईंचे निवेदन (तेही घेऊ नये).
३) नियमितपणाबद्दलचे प्रशस्तिपत्र, मूळ. परत नको.
४) पेन्सिलीच्या दुरुस्तीसह मसुदा, फक्त पाहण्यासाठी. हा मात्र काम झाल्यावर अर्जदारास परत मिळावा.