एकतिसाव्या खिळ्यावरची किल्ली

लिहून ठेवतो ते असे की, मी, कुलूप-किल्लीचा कारागीर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, गल्लीत किल्लीकाका म्हणून ओळखला जाणारा, आज पूर्ण शुद्धीवर आहे. हात थरथरतात, डोकं नाही. मला कुणी धमकावलेलं नाही, कुणी लाडीगोडी लावलेली नाही. लावायला घरात उरलंय कोण? डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि "घरचं कुणी आलंय का बरोबर?" असं विचारलं, तेव्हाच काय ते समजलो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि दुसरं करायला वेळही नाही.

कलम एक. दुकानावरची राहती खोली, लोखंडी पलंग, कपाट आणि भांडीकुंडी माझ्या पुतण्याला द्यावीत. पुतण्या वाईट नाही, आळशी आहे. चार वर्षं माझी तब्येत विचारायला येतो आणि नजरेने खोली मोजून जातो. घे बाबा, मोजलेली खोली तुझी. खिडकीची कडी मात्र बदलू नकोस, ती मी हाताने घडवली आहे.

कलम दोन. कानशी, हातोड्या, किल्ली कापायचं यंत्र, हे सगळं ज्याला हा धंदा येतो त्यालाच द्यावं. भंगारात घालू नये. माझी शिडी अकरा वर्षं समोरच्या इस्त्रीवाल्याकडे आहे. ती त्यालाच दिली. परत आणून देण्याइतकी लाज त्याला या जन्मात वाटायची नाही.

कलम तीन. दुकानाच्या आतल्या भिंतीवर साठ खिळ्यांची फळी आहे, माझ्या वडिलांच्या वेळची. गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घराची एक जादा किल्ली तिच्यावर टांगलेली असते. कुणी किल्ली आत विसरून दार ओढून घेतं, कुणी गावाला गेलं की शेजारीण कुंड्यांना पाणी घालते, मग किल्लीकाका आहेतच. याचा एक पैसा आम्ही कधी घेतला नाही. वडील म्हणायचे, "कुलूप बाजारात कुठेही मिळतं रे. किल्ली मात्र माणूस बघूनच ठेवतात." नियम एकच होता: घरातलं माणूस आलं की किल्ली द्यायची, का-कशाला विचारायचं नाही. त्या फळीमुळे गल्लीत मला जो मान होता तो शाळेच्या हेडमास्तरालाही नव्हता.

माझ्यामागे ही फळी कुणीही चालवू नये. किल्ल्या घरोघरी परत द्याव्यात आणि प्रत्येकाला सांगावं की कुलूप बदलून घ्या. का, ते पुढच्या कलमात.

कलम चार. एकोणीस वर्षांपूर्वी गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर, एक शिवणवाली राहायची. नवरा तिला मारायचा. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, भिंती पातळ आहेत. एका सकाळी सुजलेला ओठ घेऊन ती दुकानात आली. म्हणाली, "काका, आजच्या आज कुलूप बदलून द्या. त्याला घराबाहेर काढलंय." मी बदलून दिलं. जादा किल्ली तिने रिवाजाप्रमाणे माझ्याकडेच ठेवली, एकतिसाव्या खिळ्यावर. "माझ्याशिवाय कुणाला देऊ नका हं, काका." मी कानस चालवत होतो. कानस न थांबवताच बरं बरं म्हणालो.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, नवरा आला. गुळगुळीत दाढी, हातात लेकीसाठी नवं दप्तर. "काका, ती दार उघडत नाहीये. बरं नाही वाटतं तिला. किल्ली द्या ना."

मी घुटमळलो, हे खरं. दुकानाच्या बाकावर किराणावाला आणि इस्त्रीवाला बसले होते. किराणावाला म्हणाला, "द्या हो काका. नवरा-बायकोचं भांडण, आज आहे उद्या नाही. आपण कशाला मध्ये पडायचं?" इस्त्रीवाला हसून म्हणाला, "पोरीचं दप्तर तरी पोचू द्या." घरातलं माणूसच ते. मी किल्ली काढून दिली.

ओरडणं ऐकून सगळ्यांच्या आधी मी पोचलो. शिवणवाली जिन्याच्या पायथ्याशी पडली होती. नवरा वरच्या खोलीत डोकं धरून बसला होता. दाराच्या कुलपात माझी किल्ली तशीच लटकत होती. मी तिला ओलांडून वर गेलो, किल्ली काढली आणि खिशात टाकली. त्यानंतर खाली येऊन तिचा हात धरला. ओलांडताना तिचे डोळे उघडे होते. त्यांत तेव्हा जीव होता का, हे मला माहीत नाही.

पोलिसांना मी फळी दाखवली. ही बघा साहेब, एकतीस नंबर, जागेवर आहे. नवरा म्हणाला, तिनेच दार उघडलं, बोलता बोलता तिचा पाय घसरला. बाकावरचे दोघे म्हणाले, आम्ही काही पाहिलं नाही. नवरा सुटला. गल्ली म्हणाली, बाईने स्वतःच दार उघडलं, मग दुसऱ्याला काय बोल लावायचा? दुसऱ्या दिवशी मी दुकान नेहमीच्या वेळी उघडलं. त्या वर्षी फळीवर आणखी नऊ किल्ल्या आल्या.

ती किल्ली सदऱ्याला पुसून खिळ्यावर अडकवताना माझ्या बायकोने मला पाहिलं होतं. तेव्हापासून, मरेपर्यंत, माहेरी जाताना आमच्या खोलीची जादा किल्ली फळीवर न ठेवता ती बरोबर घेऊन जायची. त्या घराचं कुलूप पुढे नव्या भाडेकरूने बदललं. एकतिसावा खिळा मी दुसऱ्या कुणाला दिला नाही, ती किल्ली अजून तिथेच आहे.

कलम पाच. शिवणवालीची लेक तेव्हा सात वर्षांची होती. मावशीने वाढवली, आता दवाखान्यात नर्स आहे. गेल्या महिन्यात छातीचा फोटो काढायला मला तीच हाताला धरून घेऊन गेली. वाटेत म्हणाली, "काका, एक विचारू? आईने दार का उघडलं असेल हो?" मी म्हणालो, "माया गं. दुसरं काय?" थू माझ्या जिभेवर! माझं दुकान, जागेसकट, त्या मुलीला द्यावं. तिने विकावं नाहीतर जाळावं. यातून काही फिटत नाही, एवढी अक्कल मला आहे. मी गेल्यावर कलम चारची प्रत पोलीस ठाण्यात द्यावी.

कलम सहा. साक्षीदार म्हणून बाकावरच्या त्याच दोघांनी सही करावी. मी त्यांना हे सगळं वाचून दाखवणार आहे.

पुरवणी, आजचीच. वाचून झालं. इस्त्रीवाला मान खाली घालून बसला आणि शिडी उद्या आणून देतो म्हणाला. किराणावाला ताडकन उठला. "म्हातारचळ लागलाय तुम्हाला! तुम्ही मरून सुटाल, आम्हाला इथे राहायचंय." गेला तो. चुकीचं नव्हता बोलला. खरं बोलायला मी माझ्या मरणानंतरचा दिवस निवडला होता.

दुसरा साक्षीदार हवाच होता. पण तो शोधण्याआधी, हे माझ्या जिवंतपणीच वाचायला म्हणून मी शिवणवालीच्या मुलीला निरोप धाडला. ती कामावरून तशीच आली, उभ्यानेच वाचू लागली. चौथं कलम दोनदा वाचलं.

"म्हणजे आईने दार उघडलं नव्हतं."

"नाही, बाळ."

"बाळ म्हणू नका मला."

तिने साक्षीदाराच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. मी सांगितलं, सही दुसऱ्या कुणाची घेतो, तू करू नकोस. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातलं काही मिळत नाही, कायदाच आहे तसा. दुकान हातचं जाईल.

"पेन द्या," ती म्हणाली.

मग फळीपाशी गेली, एकतिसाव्या खिळ्यावरची किल्ली तिने स्वतः काढून घेतली. "उद्या सकाळी आठला तयार राहा. रिक्षा घेऊन येते. पोलीस ठाण्यात तुम्ही जिवंतपणी यायचं." इस्त्रीवाल्याकडे बघून म्हणाली, "तुम्हीसुद्धा."

सबब कलम पाच रद्द समजावं. दुकान वारस म्हणून पुतण्याकडे जाईल, जाऊ दे. प्रतीचं आता काम नाही. इस्त्रीवालाही साक्षीदार, तेव्हा शिडीही त्याला नाही. बाकी सगळं वर लिहिल्याप्रमाणे.

लिहून देणार: किल्लीकाका (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. इस्त्रीवाला, समोरचं दुकान (सही)
२. शिवणवालीची मुलगी (सही)

ठिकाण: दुकानातला बाक
दिनांक: ९ नोव्हेंबर, संध्याकाळ. उद्या दुकान बंद राहील.