कुठली मुक्ताई?

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा चुकीचा नारळ! दिवाळीपासून हा तिसरा. अंगण झाडत होते, तर एक फेटेवाले बाबा दारात. “मुक्ताई महिला भजनी मंडळ हेच ना? वास्तुशांतीला भजन हाय, नारळ घ्या.” हात पुसून नारळ घेतला, चहा टाकला. मग विचारतात, “रंगुबाई कुठं गेल्यात?” झालं! “ती मुक्ताई वरच्या वाडीला, तीन कोसांवर,” म्हटलं आणि नारळ परत दिला. चहा तेवढा पिऊन गेले. वीट आला बाई या नावाचा.

५ नोव्हेंबर

आमच्या पेटीवाल्या आरतीनं मोबाईलवर शोधलं — जिल्ह्यात मुक्ताई नावाची आणखी तीन मंडळं! एक जामखेडला, दोन नेवाशाकडं. त्यांचा काही राग येत नाही. ज्ञानोबांची बहीण सगळ्यांचीच. राग एकीचाच येतो.

७ नोव्हेंबर

नेवाशाच्या भजन स्पर्धेसाठी फोन केला. तिथले आप्पासाहेब म्हणाले, “बाई, तुमच्या भागातनं मुक्ताई आधीच आलीय. मागच्या साली बक्षिसाला दोघी उठल्या, लई गोंधळ झाला. वीस तारखेपर्यंत एकीनं नाव बदला.”

मागच्या साली उठलेली ती मीच! ‘मुक्ताई’ पुकारलं, मी पदर सावरून स्टेजवर — आणि हार रंगुबाईच्या गळ्यात. सगळा मांडव हसला. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

नाव मी बदलणार नाही. मेले तरी नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सरावाला पाच जणी. लंकाबाई आणि तिच्या दोन्ही जावा ऊसतोडीला गेल्या, त्या आता उन्हाळ्यातच येणार. आणखी एकीचे गुडघे धरलेत. माझा आवाज वर चढवला की फाटतो. पेटीवर आरती आहे म्हणून चाललंय.

तीच मध्ये थांबून म्हणाली, “मावशी, रंगुबाईंचं कळलं का—” मी तोडलं. “तिचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही! कितीदा सांगायचं?” पोरीनं पुन्हा पेटीचा भाता ओढला. पुढं सूरच लागला नाही कुणाचा.

१० नोव्हेंबर

पाठ दुखतेय. काही लिहीत नाही.

११ नोव्हेंबर

भांडण तरी कशावरनं झालं? पहिला अभंग कुणी म्हणायचा! सात वर्षं झाली. त्याआधी पंधरा वर्षं एका ताटात जेवलोय आम्ही. तिच्या अजिनाथाला अंगणवाडीत बाराखडी मी शिकवली.

टाळांच्या अकरा जोड्या होत्या, बचत गटाच्या पैशांतून घेतलेल्या. पाच तिला, पाच मला. उरली एक. दोघी हट्टाला पेटलो. शेवटी तिनं विळा आणला आणि मधली दोरीच कापली. एक टाळ ती घेऊन गेली, एक माझ्या फडताळात पडलाय. एका टाळानं काय वाजतंय, कपाळ!

१४ नोव्हेंबर

खरं एकदा लिहून टाकते. नाव तिनंच सुचवलं होतं. नेवाशाहून येताना, एस.टी.त, खिडकीशी बसून. मी तर “काहीतरीच तुझं!” म्हणाले होते. आणि गावभर सांगत फिरते, नाव माझं.

१८ नोव्हेंबर

दुसरं नाव शोधायला कागद घेऊन बसले. एकही तोंडात बसेना. पाच जणींचं मंडळ, त्याला नाव तरी कशाला हवं? दमले मी. आप्पासाहेबांना फोन करून सांगितलं, आमचं काढून टाका. मुक्ताई तिला लखलाभ!

स्पर्धा नको, आता काहीच नको असं वाटतंय.

१९ नोव्हेंबर

अजिनाथ दारात, हातात नारळ. म्हटलं, “आईचं घर विसरलास का रे? तुमची मुक्ताई वरच्या वाडीला.”

“न्हाई मावशी, नारळ आईनंच दिलाय. तुमच्यासाठीच. आईच्या डाव्या अंगावरनं वारं गेलं, बारा दिस झालं. आरतीकडं निरोप दिल्ता की!” मान खाली घालून म्हणाला, “उजव्या हातात एक टाळ धरून बसती नुसती. म्हनती, दुसरा सत्यशीलाकडं हाय.”

नारळ ठेवून घेतला. टाळ चिंचेनं घासून पिशवीत टाकला. सकाळची पहिली गाडी गाठते. पहिला अभंग तिचा.