रिकामा माग

४ सप्टेंबर
पोहोचलो एकदाचे! पुलापलीकडच्या बंद गिरणीत संग्रहालय उभं राहतंय, तिथे बायकोला नोकरी लागली, आणि मी आपला शेपूट म्हणून मागोमाग. जागा मात्र झकास. दोन डोंगरांमधून नदी आणि तिच्या प्रत्येक वळणावर एक कापडगिरणी. रंगखात्याचं पाणी थेट नदीत सोडायचे, त्यामुळे नदी आज निळी तर उद्या लाल, असं घरमालकीण मावशींनी सांगितलं. मावशींचा जन्म मागावर गेला. अजूनही निम्मं बोलणं त्या आवाज न काढता, नुसते ओठ हलवून करतात. मागांच्या खडखडाटात कुणाचंच ऐकू यायचं नाही, म्हणून अख्खं खोरं ओठ वाचायला शिकलं.

११ सप्टेंबर
बायकोने ही विद्या चटकन उचलली. जेवताना दोघींच्या बिनआवाजी गप्पा चालतात, मध्येच माझ्याकडे बघून हसतात. काय चाललंय विचारलं तर म्हणे, कुठे काय! स्वतःच्या घरात मी परका. आता आरशासमोर गुपचूप सराव करतोय. भांडायला तरी उपयोगी पडेल.

१९ सप्टेंबर
बरंच कळायला लागलंय. मावशी आज पुलावर उभ्या राहून गिरणीच्या खिडक्यांशी बोलत होत्या. एक माग रिकामा आहे ना, हिचा हात चांगला आहे, असं म्हणाल्या. खिडक्यांत कुणी नव्हतं. माग तर केव्हाच भंगारात गेले. घरी आल्यावर विचारलं, तर त्यांनी चहाचा कप पुढे केला.

२३ सप्टेंबर
बायकोला म्हटलं, निघू या इथून. ती हसली. हसण्याचा आवाज आला नाही. तिच्या बोटांवर सुताने कापल्याच्या खुणा आहेत. संग्रहालयात सूत कुठून आलं? मला भीती वाटतेय, तिच्यासाठी.

२५ सप्टेंबर
मागांचा आवाज — भरदुपारी. काचा थरथरतायत, रस्त्यावर कुणी मान वर करत नाही. मी ओरडलो, माझंच मला ऐकू आलं नाही. बायको घरात नाही. मावशी दारात उभ्या, ओठांनी सांगतायत, ती कामाला बसली —

गिरणीच्या फाटकाशी
वरच्या खिडकीत ती. बाकीच्या खिडक्याही भरलेल्या — सगळ्यांचे ओठ म्हणतायत, ये. एकटी तीच म्हणतेय, येऊ नकोस, पळ. रडतेय. तिला टाकून कसा पळू?

तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात —

आता तीही ये म्हणतेय. जातो. हात धरून खाली आणतो, मग आम्ही दोघं —