डाव्या खांद्याची राइफल

९ जुलै १९७४

घाटे सेक्रेटरींनी आज नेमबाजी क्लबातली तीन नंबरची राइफल कमिटीतल्या डॉक्टरसाहेबांच्या जावयाला दिली. जावई पाहुणा, आठ दिवसांसाठी आलेला. आजवर नेम धरला तो फक्त कैऱ्यांवर, असं तोच हसत हसत सांगत होता. ती राइफल मी उन्हाळाभर घासून-पुसून, साइट लावून स्वतःच्या डोळ्याला बसवलेली. "मेश्राम मॅडम, पाहुणे आहेत. तुम्ही पाच नंबर घ्या नं." पाच नंबरचा घोडा दाबायचा तर आधी दोन भाकरी जास्त खाऊन यावं लागतं.

डिसेंबरात स्टेट स्पर्धेसाठी निवड. गेल्या वर्षी या क्लबात मेडल आणलं कोणी? पेपरात फोटो मात्र घाटेंचा. मी मागे, अर्धा कान दिसतो.

ठरवलं. स्वतःची घ्यायची.

१० जुलै

घरी सांगितलं. आई भाजी निवडत होती, हात थांबला.

"बंदूक? काहून वं? कोणाले मारतं?"

"कागदाले मारतो आई. इतके वर्ष कागदालेच मारून राहिली."

"मंग तितक्या पैशात कागदच घे नं."

भाऊ वाडीच्या गोदामातून आला, चेहऱ्यावर ट्रकची धूळ तशीच. ऐकून घेतलं, म्हणाला, "तुया पगाराचे पैसे. तुले वाट्टे ते कर. पन परवान्याले पोलीस घरी येईन, मोहल्ला पाहीन. ते लक्षात ठेव." एवढंच. आमचा मोहल्ला इंदोरा, सगळी बौद्ध वस्ती. त्याला काय म्हणायचं ते कळलं.

१४ जुलै

सीताबर्डीला हातिमभाईंच्या दुकानात. म्हातारा माणूस, जाड चष्मा, दुकानात बंदुकीच्या तेलाचा वास. आधी विचारलं, "शौहर के लिए?" नाही म्हटलं. "वालिद?" मग म्हटलं, चाचा, मीच चालवते. त्यांनी चष्मा वर केला.

पॉइंट टू-टू बोअरचीच पाहिजे, स्वस्तातली पाहिजे, पण रडकी नको. तीन दाखवल्या.

एक देशी, नवी, बोल्टची: दर गोळीला बाजूचा दांडा हातानं ओढायचा. परवडते. पण घोडा क्लबच्या पाच नंबरचा सख्खा भाऊ.

दुसरी जर्मन, जुनी, बोल्टचीच. हातात घेतली आणि परत ठेवली. किंमत ऐकून हात आपोआप खाली आला.

तिसरी आतल्या कपाटातून काढली. सेमी-ऑटोमॅटिक. दर गोळीला बोल्ट ओढायचा नाही, घोडा दाबला की रिकामी पुंगळी आपोआप बाहेर, पुढची गोळी आपोआप आत. फॉरेस्टातल्या एका साहेबांची. ते वारले, बाईंनी दुकानात ठेवायला दिली. विकायची आहे. किंमत देशीपेक्षा थोडी वर. जुनं मॉडेल, मॅगझिन एकच, लाकडाला चरा. म्हणून स्वस्त.

खांद्याला लावली. डाव्या.

हातिमभाई म्हणाले, "अरे, तू तो लेफ्टी है!"

हो. आणि तीच तर गोम आहे. बोल्ट सगळ्या राइफलींचा उजव्या बाजूला. उजवे लोक उजव्या हाताने फटकन ओढतात, त्यांचा खांदा हलत नाही. मला दर गोळीला डावा हात काढून वरून पलीकडे न्यावा लागतो. नेम मोडतो, परत बांधा. वेळ लावलेल्या मॅचमध्ये त्यातच मार खाते. शाळेत पट्टीनं डाव्या हातावर मारून मारून लिहिणं उजव्या हातात आणलं बाईंनी, म्हणून ही रोजनिशी उजव्या हाताची. नेमाचा डोळा डावाच, तो कोणाला बदलता आला नाही.

हिला बोल्ट ओढायला नको. पुंगळ्या माझ्या उजव्या दंडाकडे उडतील, बाही लांब घालीन.

२१ जुलै

हातिमभाई स्वतः राइफल घेऊन रेंजवर आले. दुकानदार जवळ असला तर चालवून पाहायला हरकत नाही म्हणाले.

वेळ लावून दहा गोळ्या. खांदा एकदाही हलला नाही! एक पुंगळी बाहीत शिरली, चटका बसला, तरी डोळा काढला नाही. टार्गेट आणलं तर दहाही मधल्या काळ्या गोलात. नऊ तर एका रुपयाखाली झाकतील अशा.

मग घाटे: "राइफल चांगली आहे."

राइफल चांगली आहे! चांगली राइफलच पुरते, तर जावयानं तीन नंबरनं दहा काळ्यात का नाही मारल्या?

घाटेंनी ती उचलून पाहिली, नळीतून उजेड पाहिला, हातिमभाईंना बाजूला नेऊन काहीतरी विचारलं.

२८ जुलै

धरमपेठेत जोगळेकर बाईंकडे, राइफल त्यांची म्हणून. वाटलं होतं, गेटवरच बोलून पाठवतील. आत बोलावलं, पोहे केले.

"ह्यांनी तीस वर्षांत मला हिला हात लावू दिला नाही. तेल पुसायचं फडकं मात्र मी धुवायचे." हसल्या. मग एकदम, "तू खरंच चालवतेस?"

दहा गोळ्यांचं टार्गेट नेलं होतं. चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. बोटानं भोकं चाचपली.

"तुलाच देईन. हातिमभाईला तसं सांगते. पण हे गेल्यावर सरकारनं दिलेली मुदत डिसेंबरअखेर संपते. तोवर कोणाच्या परवान्यावर गेली नाही तर पोलिसांत जमा. तिथून परत काही येत नाही म्हणतात."

२ ऑगस्ट

अर्ज दिला. कारण: नेमबाजी, खेळ. क्लबचं सर्टिफिकेट घाटेंनी तीन चकरा मारायला लावून दिलं.

१९ ऑगस्ट

परवान्याच्या चौकशीला पोलीस जमादार घरी. मी ड्युटीवर, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर. आईनं सगळं सांगितलं, नक्कल करून.

"पोरगी राह्यते कुठी, जाते कुठी, लग्न काहून नाई झालं?"

आई म्हणे, "बंदूक लग्नाले पाह्यजे का साहेब?"

शेजारी तीन घरी विचारून गेला. मोहल्ल्यात कोणाशी भांडण आहे का. कोणत्या पार्टीत आहे का. "तुमच्या लोकायले बंदुका कायले लागते?" हे त्यानं आईला विचारलं. आईनं चहा केला होता, तो परत आत नेला. म्हणाली, "दूध फाटलं."

दूध फाटलं नव्हतं. तो चहा आम्ही दोघी प्यालो.

पण ती ओटा पुसत राहिली, पुसलेलाच. मला घाटेंचा आला नव्हता इतका राग आला. घाटे निदान मला बोलतात. आईनं त्या जमादाराचं काय केलं होतं?

१२ सप्टेंबर

परवान्याच्या कचेरीत. क्लार्क सज्जन, पण त्याचा सज्जनपणा काय कामाचा.

"बाई, बोल्टवाली असती तं आज सही झाली असती. हे सेमी हाय. याले दिल्लीची परवानगी लागते."

"जोगळेकर साहेबांकडे कशी होती?"

"त्यायचं जुनं परमिट होतं."

"आणि क्लबच्या मेजरसाहेबांकडे आहे तीही सेमीच, ती कशी?"

त्यानं पंख्याकडे पाहिलं. "क्लबाले सूट हाय. ते क्लबच्या नावानं हाय."

म्हणजे कायदा राइफल पाहून नाही, माणूस पाहून. आत साहेबांना भेटायचं म्हटलं. दीड तास बाकावर. साहेब भले बोलले: "तुम्ही देशी बोल्ट घ्या, मी आत्ता सही करतो. मुलींनी खेळलंच पाहिजे."

सांगितलं, साहेब, मी डावी आहे, बोल्ट माझ्यासाठी उलट्या बाजूला असतो.

"मग उजव्या हातानं शिका. सगळे शिकतात."

पट्टी आठवली. उठून आले. नमस्कार करायचा राहिला. राहू दे.

अर्ज दिल्लीला पाठवा असं मात्र क्लार्ककडे लिहून दिलं.

६ ऑक्टोबर

दिल्लीचं काही नाही. क्लार्क म्हणे सहा महिने, वर्ष, सांगता येत नाही.

पाच नंबरवर सराव. आज दहातल्या सात गोळ्याच वेळेत उडाल्या, तीन उडवायच्या राहिल्या. मागून घाटे कोणाला तरी सांगत होते, "बायकांची इथेच गडबड होते. घाई." घाई नव्हे, बोल्ट! ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, म्हणून आता इथे लिहून राहिली.

२७ ऑक्टोबर

दिवाळी-दसरा आमच्याकडे नाही, पण बुद्धविहारातून येताना आई म्हणाली, "देशीच घेऊन टाक. इतकी चिडते काहून? जेवत पन नाई."

भाऊ म्हणाला, "नको घेऊ. देशी घेतली तं ते म्हनतीन, पाह्य, डावीले उजवी केली."

दोघांचंही बरोबर, हाच त्रास.

१० नोव्हेंबर

घाटेंनी ऑफिसात बोलावलं. आज पहिल्यांदा खुर्ची दिली. चहासुद्धा.

ते म्हणाले, जोगळेकरांची राइफल क्लबनं घ्यायची असं कमिटीत ठरलं आहे. क्लबला सूट आहे, दिल्लीची गरज नाही, आठ दिवसांत काम. "पहिला हक्क तुमचा राहील. स्टेटला तुम्हीच चालवाल."

क्षणभर खरंच आनंद झाला. मग पुढचं वाक्य:

"फंडाची जरा अडचण आहे. तुम्ही तसंही घेणारच होतात. अर्धी रक्कम तुम्ही घाला."

विचारलं, नाव कोणाचं राहील?

"क्लबचं. सूट क्लबला आहे नं."

आणि डॉक्टरसाहेबांचे जावई परत आले तर?

घाटे हसले. "तुम्ही फार मनाला लावून घेता, मॅडम."

पहिला हक्क माझा, हे लिहून द्याल का म्हटलं. म्हणाले, क्लबात असं लिहून देत नाहीत, विश्वासावर चालतं. माझ्याकडून सर्टिफिकेटासाठी तीन चकरा मारून घेतल्या, तेव्हा विश्वास कुठे गेला होता?

चहा तसाच सोडून आले. आईसारखं.

१३ नोव्हेंबर

भाऊ ऐकून इतका चिडला की ताट सरकवलं. "तुया पैशानं त्यायची राइफल! आन् तू मागून घेऊन चालवशीन?"

मला वाटलं आईही चिडेल. ती म्हणाली, "नाव कोनाचं का असंना वं. नेम तं तुयाच राहीन नं. स्टेटले जाशीन. मंग पुढचं पुढं."

मी म्हटलं, "आणि घाटेनं नंतर हिसकली तं?"

"आता तरी कुठं हाय तुयाजवळ?"

आईवर चिडताही येत नाही.

१७ नोव्हेंबर

हातिमभाईंचा निरोप, येऊन जा. गेले. घाटे दुकानात येऊन आगाऊ पैसे द्यायला तयार होते. हातिमभाईंनी घेतले नाहीत. "बाईसाहेब से पूछे बगैर नहीं." मला म्हणाले, बेटी, मी तर थांबेन, पण तारीख थांबत नाही.

तिथूनच धरमपेठेत.

जोगळेकर बाईंना सगळं सांगितलं, काही न लपवता. अर्ध्या रकमेचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला.

"अर्धी रक्कम? तुझ्याकडून?" मग, "त्या घाट्याला मी राइफल देणार नाही. पोलिसांनी तोडून भट्टीत टाकली तरी चालेल."

ऐकून बरं वाटलं. फार बरं वाटलं. मग कळलं, बाई काय म्हणाल्या. भट्टीत! ते घोड्याचं हलकेपण, तो चरा पडलेला दस्ता. दहा गोळ्यांत एकदाही न हललेला माझा खांदा. आणि निवड तीन आठवड्यांवर.

बाईंनी चेहरा पाहिला असावा. आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझा राग मला परवडतो गं. मला निवडीला जायचं नाही. तू सांग. तू देऊन टाका म्हणालीस तर देते, नाही म्हणालीस तर नाही. तुझ्याशिवाय कोणाचं ऐकणार नाही."

आजवर या राइफलीबद्दल सगळ्यांनी मला सांगितलं. विचारलं ते पहिल्यांदाच.

उद्या ड्युटी दुपारची. सकाळी येते म्हटलं.

१८ नोव्हेंबर, सकाळ

आईनं वेणी घालून दिली. भाऊ निघताना फक्त म्हणाला, "तू जे सांगशीन ते. मी तुयाच संग."

सायकलीत हवा भरली. धरमपेठेत पोचायला अर्धा तास.

'देऊन टाका' म्हणायचं ठरवून निघते; वाटेतल्या पुलापर्यंत त्याचं 'नका देऊ' झालं नाही म्हणजे मिळवली.