४१७ क्रमांकाची कुपी

प्रिय ताई,

दाजी गेल्यानंतर एकोणपन्नासाव्या दिवशी, त्यांना निरोप देण्याच्या पूजेत, बुद्धमंदिरात तू त्यांच्या फोटोपुढे नासपती आणि तांदळाच्या वड्यांशेजारी त्यांच्या औषधाची एक रिकामी कुपी मांडलीस. तेव्हापासून मी रोज रात्री हे पत्र लिहायला बसतो.

ओसोंगच्या प्रयोगशाळेत आम्ही नाळेतल्या मूळपेशी वाढवतो. त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पिशव्या सोडतात, त्यांत आम्ही फुप्फुसाचं औषध भरतो. चाचणीत मात्र अर्ध्या रुग्णांना नुसतं मिठाचं पाणी मिळतं. कोणाला काय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. यादी कुप्या भरणाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे असते.

दाजीही त्याच चाचणीत होते. पहिल्या सुईनंतर त्यांचा फोन आला. "काय मेहुणे, कुपीवर ४१७ लिहिलंय. तुमच्याच हातची ना, की झाडूवाल्यानं भरली?" हसता हसता त्यांना खोकला आला. "पण श्वास मोकळा झाला हो!"

४१७ म्हणजे मिठाचं पाणी. मी म्हणालो, "माझ्याच हातची, दाजी."

पुढचे चार महिने त्यांच्या कुप्या मीच भरल्या. कुपीवरची क्रमांकाची चिठ्ठी बदलणं क्षणाचं काम होतं. पण मग औषध दुसऱ्या कोणाच्या दाजींच्या तोंडचं काढावं लागलं असतं. बुद्धासमोर बसून मी हेच सांगतो. नोकरी जाईल ही भीतीही होती, ते सांगत नाही.

त्या दिवशी तू म्हणालीस, "ब्योंग-हो, या कुपीलाही नमस्कार कर. हिनंच त्यांना चार महिने दिले."

मी कपाळ जमिनीला टेकवलं, ताई, आणि बराच वेळ मला ते उचलवेना.

हे पत्र तुला मिळणार नाही. कुपी तिथेच राहू दे.

तुझा धाकटा,
ब्योंग-हो