समोरचा कॅमेरा फिरला

लोणार, मंगळवार संध्याकाळ

जिंकले मी! समोरच्या हार्डवेअरवाल्या भाऊंचा कॅमेरा थेट माझ्या शिलाईच्या दुकानात बघायचा. बायका माप द्यायला येईनात. भाऊंना सांगितलं, तर म्हणे, "चोरासाठी लावला, तुले काऊन तरास?" मलाच वाटायला लागलं, मी उगाच बोलते का? पण तो कॅमेरा दिवसभर अंगावर रोखलेला...

आज पुन्हा गेले. त्यांची बायकोही तिथंच होती. म्हटलं, "वहिनी, कॅमेऱ्यात काय दिसतं, भाऊंच्या मोबाइलात पाहा." माझं दुकान दिसताच ती उसळली, "अवो, मीबी तिथंच माप देते! मलेबी सारे पाहून राह्यले का?"

भाऊ स्टुलावर चढले. कॅमेरा रस्त्याकडे वळला. हे कळताच बायका आल्या. दार सताड उघडं ठेवून हसत-हसत मापं घेतली!