दुखरा पाय

ताई,

तू घेऊन दिलेल्या बुटांचे तळ अजून जवळजवळ कोरेच आहेत. "हळूहळू धाव, कुणाला दाखवायला धावू नकोस," असं तू बजावलं होतंस. मी पहिल्याच आठवड्यात पिकल्या केसांच्या एका बाईंना मागे टाकायच्या नादात डावा गुडघा सुजवून बसलो.

तो केव्हाच बरा झाला गं. पण लंगडणाऱ्याला "आज धावायला नाही गेलास?" असं कुणी विचारत नाही. ती सोय मला सोडवेना. तू मात्र खुब्याचं ऑपरेशन झालेलं असताना माझ्या गुडघ्यासाठी व्यायाम शोधायचीस, आधी स्वतः करून बघायचीस आणि मग मला फोनवर सांगायचीस. मी कण्हत हो हो म्हणायचो.

काल ताट वाढताना बायको हळूच म्हणाली, "अहो, दुखत होता तो डावा ना?" मी उजव्या पायाने लंगडत होतो. ती हसली असती तरी चाललं असतं.

म्हणून आज तुला खरं सांगायचं ठरवलं होतं. तेवढ्यात तुझाच फोन आला. "अरे, आज काठीशिवाय फाटकापर्यंत गेले! आता तुझा पाय बरा झाला की दोघं मिळून जाऊ."

मी म्हणालो, "अजून ठणकतोय गं."

दोन्ही पायांनी धडधाकट असलेला,
तुझा धाकटा